वापरलेल्या दुर्बिणीची कडा धूसर दिसते. हा दोष की तिची रचनाच तशी?

पावसाळा ओसरून आकाश निवळले की गोव्यातील पाणथळ जागांवर पाहुण्या पक्ष्यांची वर्दळ सुरू होते. करमळीच्या तळ्याकाठी, चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात आणि मांडवीच्या ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलपट्ट्यांसमोर दुर्बिणी रोखून उभे असलेले निरीक्षक दिसू लागतात. काही हंगाम साध्या दुर्बिणीवर काढल्यानंतर त्यांतील अनेकांना उच्च प्रतीच्या दुर्बिणीची ओढ लागते. स्वारोव्स्की, लायका, झाइस या युरोपीय कंपन्यांच्या अव्वल दुर्बिणी नव्या घ्यायच्या तर रक्कम लाखांच्या घरात जाते. साहजिकच वापरलेल्या दुर्बिणीचा पर्याय पुढे येतो.

व्यवहार ठरण्याच्या वेळी बहुधा एकच प्रश्न आडवा येतो. दुर्बीण डोळ्यांना लावली की मध्यभागी चित्र लख्ख दिसते. समोरच्या फलकावरील अक्षरे कोरल्यासारखी उमटतात. तोच फलक दृष्टिक्षेत्राच्या कडेला नेला की अक्षरे विरघळू लागतात. ‘ही दुर्बीण अशीच असते’, असे विक्रेता सांगतो. खरेदीदाराच्या मनात मात्र शंका उभी राहते, की ही कुठेतरी आपटलेली किंवा उघडून पुन्हा जोडलेली तर नसेल? या वादात कधी विक्रेता खरा असतो, कधी खरेदीदाराची शंका. सुदैवाने निवाडा करण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक तिपाई, एक फलक आणि अर्ध्या तासाचा धीर एवढ्यावर काम भागते.

निवाड्याचे सूत्र थोडक्यात असे: रचनेतून आलेली धूसरता मध्यापासून सारख्या अंतरावर सर्व बाजूंना सारखी असते, बिघाडातून आलेली धूसरता बहुधा एका बाजूला किंवा एकाच नळीत जास्त असते. त्यामुळे कडा किती धूसर आहे, यापेक्षा ती कशी धूसर आहे, हे आधी पाहावे लागते.

कडा मुळात धूसर का होते?

भिंगातून तयार होणारी प्रतिमा सपाट पडद्यावर पडावी, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात साध्या भिंगरचनेतून ती वाटीच्या आतल्या बाजूसारख्या वक्र पृष्ठावर तयार होते. मध्यभाग फोकसमध्ये आणला की कडेचा भाग फोकसच्या पुढे किंवा मागे राहतो. या दोषाला क्षेत्रवक्रता म्हणतात. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना येथे काम करणारे गणितज्ञ जोसेफ पेट्झव्हाल यांनी या वक्रतेचे गणित मांडले आणि आजही प्रकाशशास्त्रात ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

क्षेत्रवक्रता हा त्यातल्या त्यात सौम्य दोष होय. फोकसचे चाक किंचित फिरवले की कडा स्पष्ट होते आणि मध्यभाग धूसर होतो. स्पष्टता नाहीशी झालेली नसते, ती केवळ वेगळ्या फोकसवर असते.

दुसरा दोष ॲस्टिग्मॅटिझमचा. चष्म्याच्या कागदावर ‘सिलिंडर’चा नंबर ज्या दोषासाठी लिहिलेला असतो, त्याचाच हा भाऊबंद. यात उभ्या आणि आडव्या रेषा एकाच वेळी स्पष्ट होत नाहीत, म्हणून चाक कसेही फिरवले तरी कडेची अक्षरे पूर्णपणे सुधारत नाहीत. तिसरा दोष कोमा नावाचा. यामुळे कडेवरचा प्रकाशबिंदू धूमकेतूसारखा शेपटी काढून पसरतो. याखेरीज कडेवरच्या काळ्या-पांढऱ्या सीमारेषेवर हिरवट किंवा जांभळट झालर दिसते. तीही काही प्रमाणात स्पष्टता खाते.

हे सारे दोष दुर्बिणीत आरंभापासून असू शकतात. दृष्टिक्षेत्र रुंद ठेवायचे, वजन आवाक्यात ठेवायचे आणि डोळा नेत्रिकेपासून पुरेसा दूर राहील अशी सोय करायची, या तीन गोष्टी साधताना रचनाकाराला कुठेतरी तडजोड करावी लागते. अनेक नामवंत दुर्बिणींत ही तडजोड कडेवर केलेली आहे.

नाव एक, काच निराळी

वापरलेल्या दुर्बिणींच्या बाजारात सर्वाधिक गोंधळ होतो तो नावांच्या सारखेपणामुळे. स्वारोव्स्की कंपनीची ‘ईएल’ मालिका १९९९ मध्ये आली. दोन नळ्यांमध्ये बोटे घालून धरता येईल अशी तिची मोकळी बांधणी लगेच ओळखू येते. पुढे ‘स्वारोव्हिजन’ या नावाने तिची नवी आवृत्ती २०१० च्या सुमारास बाजारात आली. या आवृत्तीच्या नेत्रिकेत क्षेत्र सपाट करणारी खास भिंगे आहेत आणि त्यामुळे स्पष्टता जवळजवळ कडेपर्यंत टिकते. जुन्या ईएलमध्ये ती भिंगे नाहीत. दोन्ही दुर्बिणी ८.५ पट वर्धनाच्या आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या असू शकतात आणि बाह्यरूपातही बरेच साम्य आहे. जुनी ईएल घेऊन कडेवर नव्या ईएलची अपेक्षा केली, तर निर्दोष दुर्बीणही सदोष वाटेल. उलट स्वारोव्हिजनची कडा ठळकपणे धूसर दिसली, तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

लायका कंपनीची ‘अल्ट्राव्हिड’ २००३ मध्ये आली. नंतर तिच्या ‘एचडी’ आणि ‘एचडी-प्लस’ आवृत्त्या निघाल्या. रंगांचा भरदारपणा, चित्राचा उठाव आणि आटोपशीर आकार ही तिची ख्याती. कडेपर्यंत सपाट चित्र हे तिचे उद्दिष्टच नव्हते. झाइसच्या ‘व्हिक्टरी एफएल’बाबतही तेच. मध्यभाग अतिशय उजळ आणि रंगझालरीपासून बराच मुक्त, पण कडेकडे चित्र मऊ होत जाणारे. याच कंपनीने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या ‘व्हिक्टरी एसएफ’मध्ये मात्र क्षेत्र सपाट करणारी भिंगे आहेत. निकॉनची जुन्या धाटणीची ‘एसई’ ही दुर्बीण अनेक वर्षांपूर्वीच्या रचनेची असूनही कडेच्या स्पष्टतेसाठी आजही नावाजली जाते.

तात्पर्य, दुर्बीण हाती घेण्यापूर्वी तिची नेमकी आवृत्ती आणि निर्मितीचे वर्ष ठाऊक हवे. विक्रेत्याकडून अंगावरचा क्रमांक मागून घ्यावा आणि कंपनीच्या सेवा विभागाकडे निर्मितीच्या वर्षाची विचारणा करावी.

टक्केवारीची भूल

‘हिची ९० टक्के कडा स्पष्ट, तिची ८५ टक्के’, अशा तुलना सर्रास केल्या जातात. त्यांतून दिशाभूल होण्याचा संभव असतो, कारण टक्केवारी कशाची, हे त्यात सांगितलेले नसते. दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र १,००० मीटर अंतरावर किती मीटर रुंदीचा देखावा दिसतो, यावरून मोजतात. ४२ मिलिमीटरच्या लायका अल्ट्राव्हिडमध्ये ८ पट वर्धनाला ही रुंदी १३० मीटर आहे. ८.५ पट वर्धनाच्या स्वारोव्हिजनमध्ये ती १३३ मीटर, तर स्वारोव्स्कीच्याच २०२० मध्ये आलेल्या ‘एनएल प्युअर’मध्ये ८ पटीला १५९ मीटर आहे.

समजा, १५९ मीटरच्या दुर्बिणीत स्पष्टता ८५ टक्क्यांपर्यंतच टिकली. तरी स्पष्ट पट्टा सुमारे १३५ मीटर रुंद होतो. म्हणजे १३३ मीटरच्या दुर्बिणीने अगदी काठापर्यंत स्पष्ट चित्र दिले, तरी पहिली किंचित सरसच ठरते. म्हणून तुलना करताना टक्केवारी बाजूला ठेवून स्पष्ट पट्ट्याची प्रत्यक्ष रुंदी पाहावी. दोन दुर्बिणी एकाच जागेवरून एकाच भिंतीकडे रोखाव्यात. एकीतून भिंतीचे किती चिरे स्पष्ट दिसतात आणि दुसरीतून किती, हे मोजले की उत्तर मिळते. वर्धन सारखे असेल तर ही तुलना अधिक न्याय्य होते.

पाहणाऱ्या डोळ्याचा वाटा

कडेच्या धूसरतेत दुर्बिणीइतकाच पाहणाऱ्याचा डोळाही सहभागी असतो. तरुण डोळ्यातील नैसर्गिक भिंग क्षणार्धात आपला फोकस बदलते. त्यामुळे थोडी क्षेत्रवक्रता असली तरी तरुण निरीक्षकाला ती जाणवत नाही. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर ही लवचीकता ओसरते आणि तीच दुर्बीण कडेला धूसर वाटू लागते. ‘मला तर कडेपर्यंत स्वच्छ दिसते’, असे पंचविशीतील विक्रेता म्हणाला आणि पन्नाशीतील ग्राहकाला तसे दिसले नाही, तर दोघेही खरे बोलत असू शकतात.

चष्मा लावून पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कडेकडे पाहताना नजर चष्म्याच्या काचेच्या मध्यातून न जाता तिरकी जाते. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात तर काचेच्या निरनिराळ्या भागांचे नंबरच वेगवेगळे असतात. अशा वेळी दिसणारी धूसरता चष्म्याची असू शकते. शक्य असल्यास केवळ दूरच्या नंबरचा चष्मा लावून चाचणी करावी.

चाचणीची रीत

प्रथम भिंगांवरील धूळ आणि बोटांचे ठसे काढून घ्यावेत. दुर्बीण तिपाईवर बसवावी. तिपाई नसेल तर कठड्यावर घडी केलेला टॉवेल ठेवून त्यावर टेकवावी. हात थरथरत असताना कडेची तुलना निरर्थक ठरते. दोन्ही डोळ्यांमधील अंतराप्रमाणे नळ्या जुळवून घ्याव्यात आणि चष्मा असल्यास डोळ्यांजवळच्या रबरी कडा आत सारून ठेवाव्यात.

तीस ते पन्नास मीटरवर लहान-मोठ्या अक्षरांचा फलक निवडावा. सकाळचा किंवा ढगाळ दिवसाचा सम प्रकाश उत्तम. कडक दुपारी तापलेल्या हवेची लहर चित्र हलवते आणि दोष नसताना दोष दाखवते.

यानंतर एका वेळी एकाच नळीतून पाहावे. फलक मध्यभागी आणून फोकस पक्का करावा. मग चाकाला हात न लावता दुर्बीण हळूहळू वळवून फलक उजव्या कडेकडे न्यावा आणि अक्षरे वाचता येईनाशी होतात ते ठिकाण लक्षात ठेवावे. हेच डावीकडे, वर आणि खाली करावे. घड्याळाच्या तीन, सहा, नऊ आणि बारा या चार दिशा कल्पून प्रत्येकीची नोंद कागदावर केली तर घोळ होत नाही. नजर कडेकडे वळवताना मध्येच काळी सावली आली, तर डोळा नेत्रिकेसमोर नीट नाही असे समजून त्याची जागा सुधारावी.

पुढची पायरी फोकसची. फलक कडेवर असतानाच चाक किंचित फिरवावे. अक्षरे पुन्हा रेखीव झाली तर धूसरतेचे कारण मुख्यतः क्षेत्रवक्रता. मुळीच सुधारली नाहीत तर ॲस्टिग्मॅटिझम किंवा अन्य दोष अधिक. चारही दिशांना निकाल सारखा असेल, तर हा रचनेचा भाग मानून पुढे जावे. दुसऱ्या नळीचीही अशीच तपासणी करावी आणि दोन्हींच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात.

रात्री आकाश निरभ्र असेल तर याहून कठोर परीक्षा घेता येते. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि दिवसा झाकले गेलेले दोष उघडे पडतात. हिवाळ्यात व्याधाचा ठळक तारा मध्यभागी आणून तो बारीक बिंदूसारखा करावा आणि मग कडेकडे न्यावा. क्षेत्रवक्रता असेल तर तो फुगून चकतीसारखा होतो आणि चाक फिरवताच पुन्हा बिंदू बनतो. ॲस्टिग्मॅटिझम असेल तर तो रेघेसारखा किंवा क्रुसासारखा दिसतो. कोमा असेल तर शेपटी काढतो. मध्यभागीही तारा बिंदूसारखा होत नसेल, तर आधी आपल्या डोळ्याचा नंबर आणि मग दुर्बीण तपासावी.

एकांगी धूसरता ही धोक्याची खूण

एका नळीची उजवी कडा स्वच्छ आणि डावी लवकर विरघळणारी, किंवा डावी नळी ठीक आणि उजवी सर्वत्र मऊ, असे आढळले तर सावध व्हावे. आपटल्यामुळे लोलक सरकलेला असू शकतो किंवा एखादे भिंग किंचित कलंडलेले असू शकते. दुसरे कारण किनारपट्टीवरील वाचकांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. दमट हवेत कपाटात बंद राहिलेल्या दुर्बिणीच्या काचेवर बुरशी धरते. ती काढण्यासाठी दुर्बीण अननुभवी हातांनी उघडली आणि भिंग मूळ जागी नेमके बसवले नाही, तर एकांगी धूसरता येते. नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण अशी उघडली गेली की तिचे जलरोधकत्वही भरवशाचे राहत नाही.

एकांगी धूसरता दिसली तरी निष्कर्षाची घाई नको. ती डोळ्याची की दुर्बिणीची, हे ठरवायला एक सोपा उपाय आहे. दुर्बीण उलटी, म्हणजे वरची बाजू खाली करून धरावी आणि त्याच नळीतून त्याच डोळ्याने पुन्हा पाहावे. डावीकडची धूसरता आता उजवीकडे गेली, तर दोष दुर्बिणीत आहे. ती डावीकडेच राहिली, तर डोळा, चष्मा किंवा डोळा धरण्याची पद्धत तपासावी.

याच वेळी नळ्यांची समांतरताही पाहून घ्यावी. दूरच्या छपराची आडवी रेषा किंवा विजेची तार दोन्ही डोळ्यांनी पाहत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून काही सेंटीमीटर दूर न्यावी. तारेची दोन्ही चित्रे वरखाली झाली तर नळ्या समांतर नाहीत. अशी दुर्बीण वापरल्यावर डोके दुखू लागते, मग कडा कितीही स्वच्छ असो. शेवटी पदार्थभिंगाच्या बाजूने विजेरीचा तिरपा झोत टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा धुरकट थर आहे का, हे पाहावे. असा थर केवळ कडेला त्रास देत नाही, तर सगळ्या चित्राचा उठाव कमी करतो.

कडेची स्पष्टता कोणाला हवी?

मानवी डोळ्याचा अतिस्पष्ट भाग फार लहान असतो. सुमारे एक-दोन अंशांपुरताच. नजर मध्यावर खिळलेली असताना कडेचे चित्र मऊ असले तरी ते सहसा जाणवत नाही. बोंडल्याच्या जंगलात धनेश दिसला की निरीक्षक तो आपोआप मध्यभागी आणतो. अशा उपयोगासाठी काठापर्यंतच्या स्पष्टतेला जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

तळ्यावर पसरलेला अडईंचा थवा, चिखलपट्टीवर विखुरलेले तुतवार आणि चिखल्या, समुद्राचे क्षितिज किंवा तारकापुंज पाहायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे दुर्बीण स्थिर ठेवून नजर चित्रात फिरवली जाते. अशा वेळी सपाट क्षेत्राचे मोल कळते.

या सपाटपणाचीही एक किंमत आहे. रेषांचे वाकणे फार कमी केलेल्या दुर्बिणीतून देखावा आडवा सरकवला की काहींना तो मोठ्या गोलावरून घरंगळत असल्याचा भास होतो. काहींना तो मुळीच जाणवत नाही, काहींना मात्र मळमळते. म्हणून चाचणीच्या शेवटी दुर्बीण तिपाईवरून काढून काही मिनिटे सावकाश डावी-उजवीकडे फिरवून पाहणे आवश्यक आहे.

दूरच्या विक्रेत्याशी व्यवहार

दुर्बीण दुसऱ्या शहरातून मागवायची असेल तर नेत्रिकेला मोबाइल लावून काढलेल्या छायाचित्रावरून कडेचा निर्णय करू नये. मोबाइलचे भिंग थोडे जरी तिरपे बसले तरी एक बाजू धूसर येते. अशी छायाचित्रे बुरशी, ओरखडे आणि बाह्य मार पाहण्यापुरती उपयोगी. त्याऐवजी दुर्बीण पूर्वी उघडली होती का, दुरुस्ती कोणाकडे झाली आणि तिची पावती आहे का, हे लेखी विचारावे. तपासणीसाठी काही दिवसांची मुदत आणि परतीची अट आधी ठरवून घ्यावी. कंपनीची हमी पहिल्या खरेदीदारापुरती किंवा विशिष्ट देशापुरती मर्यादित असू शकते, याचीही खातरजमा करावी.

दुर्बीण हाती आली की क्रम असा ठेवावा: आधी समांतरता, मग बुरशी, मग मध्यभागाची स्पष्टता, त्यानंतर दोन्ही नळ्यांच्या चारही कडांची तुलना. या साऱ्यांत उत्तीर्ण झालेली, पण सर्व बाजूंनी सारखी मऊ कडा असलेली जुनी अल्ट्राव्हिड किंवा जुनी ईएल रास्त दरात मिळत असेल, तर ती केवळ कडेपायी नाकारू नये. आणि नव्या रचनेची, महागडी, पण एका बाजूला लवकर विरघळणारी दुर्बीण कितीही स्वस्तात मिळत असली, तरी अधिकृत दुरुस्तीचा खर्च विचारून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.